वारा पाठीवर आला तेव्हा: बेन मॅकडुईच्या धुक्यात वाट चुकलेल्या गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधल्या केअर्नगॉर्म पर्वतरांगेत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घडलेली ही गोष्ट आहे. गटातल्या पाचांपैकी मी एक होते. कोणाचंही नाव इथे दिलेलं नाही. वेळा आठवणीतून लिहिलेल्या नाहीत. सगळ्यांच्या फोनमधल्या फोटोंवर नोंदलेली वेळ पाहून नंतर आम्ही त्या जुळवल्या. त्या जुळवताना लक्षात आलं, की आमच्या आठवणीतला दिवस आणि प्रत्यक्षातला दिवस यांत बराच फरक होता.

बेन मॅकडुई १३०९ मीटर उंच आहे. ब्रिटनमध्ये १३४५ मीटरच्या बेन नेव्हिसनंतर याचाच नंबर लागतो. आकडा ऐकून हिमालय पाहिलेल्या माणसाला ते लहान वाटतं, पण हा भाग उंचीवरून जोखता येत नाही. वर सुळका नाही, मोठं उघडं पठार आहे. ग्रॅनाइटचा भुगा, धोंडे, मधूनच शेवाळाचे पट्टे. झाड नाही, कुंपण नाही, आणि खडीवरून जाणारी पायवाट कित्येक ठिकाणी डोळ्यांना दिसतच नाही. शेजारच्याच केअर्नगॉर्म शिखरावरच्या हवामान केंद्रात २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैल वेगाचा झोत नोंदला गेला होता. म्हणजे ताशी जवळपास २७८ किलोमीटर.

गटात पुढे चालणारे दादा होते. वय पन्नाशीच्या आत, तीस वर्षं डोंगर चढलेले. त्यांचा १९ वर्षांचा भाचा, मी, माझी एक मैत्रीण आणि तिच्या ऑफिसातली एक सहकारी, असे आम्ही पाच जण. सहकारीचा हा पहिलाच मोठा डोंगर. मैत्रिणीचा नवरा मुलीला घेऊन एव्हिमोरला मुक्कामाच्या जागीच थांबला होता.

वाट सरळ होती. कॉरी कासच्या वाहनतळावरून निघायचं, केअर्न लोखनच्या वायव्येकडच्या सोंडेने पठारावर चढायचं, लोखन बुई या छोट्या तळ्याजवळून दक्षिणेला शिखर गाठायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. जाऊन येऊन साधारण १७ किलोमीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही इथे सगळे वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्याप्रमाणे नुसतं शिखरापर्यंत जायलाच, न थांबता, तीन तासांच्या आसपास. हा हिशोब धडधाकट आणि न थांबणाऱ्या माणसाचा आहे. आम्ही तो आदल्या रात्री केला होता आणि नऊला निघायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात निघालो अकरा वाजता.

दोन तासांचा उशीर झाला, तरी परत फिरायची वेळ मात्र आम्ही बदलली नाही. खरं सांगायचं तर ती कधी ठरवलीच नव्हती.

अडचण कशी उभी राहिली

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांचा माझ्या फोनमधला फोटो लोखन बुईचा आहे. नावाचा अर्थ पिवळं तळं, पण फोटोत पाणी राखाडी आहे आणि पलीकडचा काठ दिसत नाही. पश्चिमेकडून ढग पठारावर चढत होता. इथे आम्ही थांबलो, बिस्किटं खाल्ली, आणि मैत्रीण म्हणाली, "दादा, इथूनच फिरायचं का?" दादा म्हणाले, "अगं, दगडांच्या लगोऱ्या आहेत सगळीकडे. पाऊण तासाचं काम आहे. आणि हे धुकं उघडेल." कोणी वाद घातला नाही. मीही नाही. तिघींनी एक शब्दही न बोलता सॅक उचलल्या.

दादांना मी दोष देत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलेल्या माणसाचा अनुभवच तसा असतो. धुकं येतं, दहा मिनिटं थांबलं की दरीकडून वारा येतो आणि समोरचा कडा मोकळा होतो. इथे समुद्रावरून येणारी ओली हवा पठारावर चढते, थंड होते, ढग बनतो, आणि वारा त्याच दिशेने वाहत राहिला तर मागून नवा ढग येतच राहतो. पायथ्याच्या गावी १२ अंश होते. वर पाचाच्या आसपास. वारा ताशी ५० किलोमीटरच्या घरात असावा. या दोन्हींचा मेळ घातला तर उघड्या कातडीला उणे एक-दोन अंशांसारखं लागतं, आणि त्यात आम्ही भिजत होतो.

दोन पन्नासला शिखरावर पोचलो. तिथे १९२५ मध्ये केअर्नगॉर्म क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेने बसवलेली चकती आहे, कुठल्या दिशेला कुठलं शिखर दिसतं हे दाखवणारी. आम्हाला त्या चकतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. वाऱ्याला आडोसा म्हणून लोकांनी रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती आसपास आहेत. त्यांपैकी एकीमागे अर्धा तास बसलो. फार वेळ बसलो. सहकारी आतून सुती हुडी घालून आली होती, ती छातीपर्यंत ओली होती, आणि बसल्यावर तिला थंडी भरली.

तीन वीसला उठलो आणि दादा चालू लागले. या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला क्षण हाच, आणि त्यात काहीही घडलं नाही. होकायंत्र कोणी काढलं नाही. १:२५,००० चा कागदी नकाशा माझ्या सॅकमध्ये तळाशी, कोरड्या कपड्यांखाली होता. वर येताना लगोऱ्या होत्या, जातानाही असतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण शिखराच्या परिसरात लगोऱ्या सगळ्या दिशांना आहेत, कारण वाटाही बऱ्याच दिशांनी येतात. कोणी तरी नुसतं हात चाळवायला रचलेल्याही असतात.

चाळीस मिनिटं उतरलो. उतार सुखाचा वाटत होता. मग डावीकडून पाण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात ओढाच लागला. दादा म्हणाले, "हा तळ्याचाच ओढा. आलो आपण." मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी खटकलंही. येताना तळ्यापासून शिखरापर्यंत आम्ही कुठला वाहता ओढा ओलांडल्याचं मला आठवत नव्हतं.

मी थांबा म्हटलं. सॅक उघडली, नकाशा काढला, होकायंत्र ठेवलं. आमची वाट उत्तरेला जायला हवी होती. आम्ही उभे होतो तो उतार ईशान्येला पडत होता, आणि ओढाही तिकडेच वाहत होता. नकाशात शिखराच्या त्या अंगाला एकच मोठा ओढा आहे, गारव उश्क. गेलिकमध्ये त्याचा अर्थ खडबडीत पाणी. तो पठाराच्या कडेवरून कातळाच्या गुळगुळीत उतारांवर पडतो आणि खाली लॉख आन या सरोवराच्या डोक्याशी पोचतो. सरोवर आमच्यापासून तीन-साडेतीनशे मीटर खाली होतं, मधे ओले कातळ, आणि आमची गाडी त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला, डोंगरापलीकडे.

त्याच वेळी सहकारीने मैत्रिणीला काही तरी विचारलं. शब्द जड येत होते. दोनदा विचारल्यावर कळलं, ती म्हणत होती, "मी इथंच बसते, तुम्ही या."

समोरचे पर्याय

इथून पुढची पंधरा मिनिटं मी सविस्तर लिहिते, कारण अशा गोष्टी सांगताना लोक "मग आम्ही वाट शोधली" एवढ्यावर भागवतात आणि ठरवणं कसं झालं ते राहूनच जातं.

दादांचं म्हणणं होतं ओढ्याने खाली जावं. वारा कमी होईल, सरोवर लागेल, आणि तिथे शेल्टर स्टोन नावाचा प्रचंड धोंडा आहे, ज्याच्या खालच्या पोकळीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या रात्र काढत आली आहेत. धोंड्याची माहिती खरी होती. केअर्नगॉर्म क्लबची स्थापनाच १८८७ मध्ये तिथे झाली. पण "खाली उतरलं की गाव लागतं" हे आमच्या डोंगरांचं गणित आहे. इथे त्या बाजूला उतरलं तर गाव नाही, रस्ता नाही, आणि गाडीकडे यायला पुन्हा पठार चढावं लागतं. शिवाय मधले ओले कातळ, आणि पायात ताकद नसलेलं एक माणूस.

दुसरा पर्याय शिखरावर परत जाण्याचा. ठाऊक असलेल्या बिंदूवरून नव्याने दिशा धरायची, म्हणून हा पुस्तकी आणि चांगला पर्याय. पण त्यात चढ होता, तोंडावर वारा होता, आणि सहकारीला वर नेणं शक्य दिसत नव्हतं.

तिसरा, मदत मागणं. ब्रिटनमध्ये ९९९ हा आपत्कालीन क्रमांक लावून पोलिसांकडे डोंगरी बचावपथक मागायचं. पथकातले लोक स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. तीन फोन तपासले, एकाही फोनला रेंज नव्हती. कमकुवत रेंजमध्येही ९९९ ला संदेश पाठवता येतो, मात्र त्यासाठी फोन आधी नोंदवून ठेवावा लागतो. आम्ही तो नोंदवला नव्हता. शिट्टी होती. दर मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, हा संकेत माहीत होता, पण ऐकायला आसपास कोण असणार?

चौथा पर्याय माझा. सरळ पश्चिमेला आडवं चालायचं आणि उत्तर-दक्षिण जाणारी आपली वाट गाठायची. वाट ही रेघ आहे, बिंदू नव्हे. रेघ चुकणं अवघड. धोका एवढाच, की खडीवरची वाट न दिसता ओलांडली गेली तर पुढे पठाराची पश्चिम कड आहे आणि तिथून जमीन लारिग ग्रू खिंडीत तुटते. म्हणजे अंतर मोजल्याशिवाय हा पर्याय वापरायचाच नाही.

कुठल्याही पर्यायावर एकमत होईना. दादा अस्वस्थ होते, दोनदा ओढ्याच्या दिशेने चालूही लागले. मी आवाज चढवला, जे मी त्यांच्यापुढे कधी केलं नव्हतं.

काय केलं

मैत्रीण एकदम म्हणाली, "आधी हिला आत घ्या. चर्चा नंतर." माझ्या सॅकमध्ये गटनिवारा होता. तंबूच्या कापडाची मोठी पिशवी, काठ्या-दोऱ्या नाहीत. सगळ्यांनी ती डोक्यावरून ओढायची, कडा बुडाखाली दाबायच्या आणि गुडघ्याला गुडघे लावून आत बसायचं. पाच मिनिटांत आतली हवा माणसांच्या श्वासानेच उबदार झाली. सहकारीची ओली हुडी काढली, माझा कोरडा लोकरी थर आणि भाच्याचं जादा जाकीट तिला घातलं, थर्मासमधलं गोड पेय दिलं, चॉकलेट दिलं. तिची थरथर अजून चालू होती, आणि ते आमचं सुदैव होतं. गारठलेल्या माणसाची थरथर ऊब न येता थांबली तर शरीर हरायला लागलं असं समजायचं. अडखळणं आणि पुटपुटणं ही त्याआधीची खूण. आम्ही ती शिखरावरच पाहायला हवी होती.

त्या पिशवीत आणखी एक गोष्ट झाली, जी मला उबेइतकीच मोलाची वाटते. वाऱ्याचा आवाज थांबला आणि माणसं एकमेकांचं ऐकू लागली. बाहेर आम्ही ओरडत होतो, आत बोलत होतो. दादांनी नकाशा माझ्याकडून मागून घेतला आणि पाहिला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी चुकलो. ओढा हा नव्हे." ते वाक्य म्हणायला त्यांना किती जड गेलं हे मी शेजारी बसून पाहत होते. त्यानंतर ते पुन्हा आमचे दादा झाले. अंतर कसं मोजायचं, कोण कुठे चालेल, ते त्यांनीच ठरवलं.

आपण कुठे आहोत याचा अंदाज पक्का करायला सहकारीचा फोन कामी आला. तिने आदल्या आठवड्यात ब्रिटिश ग्रिडचे, म्हणजे नकाशावरच्या चौकटींनुसार आपली जागा सांगणारे, आकडे दाखवणारं एक साधं अ‍ॅप घेतलं होतं. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, उपग्रह दिसले की पुरे. दादांच्या फोनवर झकास नकाशे होते, पण हा भाग उतरवून ठेवलेला नसल्याने कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसत होता. ग्रिडचे आकडे कागदी नकाशावर मांडले. आम्ही वाटेच्या पूर्वेला सात-आठशे मीटरवर होतो. ओढ्याजवळ नकाशा उघडून केलेला अंदाज बरोबर ठरला.

चार चाळीसला निघालो. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत तिथे सध्या अगदी किरकोळ फरक आहे, म्हणून होकायंत्रावर सरळ २७० अंश, म्हणजे पश्चिम, लावले. दिसत होतं जेमतेम वीस मीटर. मैत्रीण पुढे जायची, दिसेनाशी होण्याआधी थांबायची, मी होकायंत्रावरून "थोडी डावीकडे" असं सांगून तिला रेषेवर आणायचे, मग बाकीचे तिच्यापर्यंत जायचे. पुन्हा तेच. भाचा पावलं मोजत होता. सपाटीवर त्याची शंभर मीटरला साधारण ६५ जोडपावलं होतात, धोंड्यांवर आम्ही ८० धरली. प्रत्येक शंभर मीटरला तो एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचा. नऊ खडे झाले आणि वाट लागली नाही तर जागीच थांबायचं, एक पाऊलही पुढे नाही, हे निघण्याआधी ठरलं होतं.

आठवा खडा टाकल्यावर काही पावलांतच दादा वाकले. खडीत बुटांच्या ठशांची ओळ होती, उत्तर-दक्षिण. पाच पस्तीस झाले होते. एवढ्याशा अंतराला पंचावन्न मिनिटं लागली.

निष्पत्ती

पुढचं थोडक्यात. तळं पुन्हा दिसलं, यावेळी खरं. सोंडेवरून हजार मीटरच्या खाली आल्यावर ढग विरळ झाला. सात-सव्वासातच्या सुमारास अंधार पडला. पाच जणांत हेडटॉर्च दोनच होते, त्यामुळे शेवटचे तीन किलोमीटर दोन-दोन पावलांनी उतरलो. आठ चाळीसला वाहनतळावर पोचलो. सहकारीला दवाखान्यात न्यावं लागलं नाही, पण बोटांची बधिरता जायला दोन दिवस लागले.

तिकडे मैत्रिणीचा नवरा सातपासून फोन लावत होता. साडेआठला त्याने पोलिसांना कळवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणत्या वाटेने गेलेत? त्याला एवढंच ठाऊक होतं की केअर्नगॉर्मला गेलेत. हे उत्तर घेऊन शोध कुठून सुरू करणार? रेंज येताच आम्ही फोन केला आणि पथक निघण्याआधीच त्यांना थांबवता आलं. नवरा त्या रात्री आमच्यावर चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

उपकरणांची यादी देण्याचा मोह मी टाळते. जे लागतं त्यातलं बरंचसं आमच्याकडे होतं. नकाशा होता, पण तळाशी. होकायंत्र होतं, पण बंद खिशात. आता नकाशा गळ्यात असतो, आणि शिखरावरून उठण्याआधी दिशा लावून दुसऱ्या कोणाकडून ती तपासून घेतल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. बेन नेव्हिसच्या माथ्यावरून धुक्यात उतरायला नकाशाच्या उत्तरेपासून मोजलेले २३१ अंश धरून १५० मीटर आणि मग २८२ अंश असे ठरलेले आकडे लोक पाठ करून जातात. कारण तिथे काही पावलं इकडेतिकडे झाली तर सरळ घळीत. बेन मॅकडुईसाठी तसे आकडे आम्ही घरी बसून दहा मिनिटांत काढू शकलो असतो.

सकाळी दोन तास उशीर झाला तेव्हाच "अडीच वाजता जिथे असू तिथून परत" असं म्हणायला हवं होतं. तसं ठरलं असतं तर तळ्याजवळच्या प्रश्नाचं उत्तर दादांना द्यावंच लागलं नसतं, घड्याळाने दिलं असतं.

निवारा सापडेल या आशेवर चालत राहण्याबद्दल मला विशेष लिहावंसं वाटतं. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर हिमवादळात एक शालेय गट उंचावरच्या लहान निवाऱ्याकडे निघाला होता. तो त्यांना गाठता आला नाही. पाच विद्यार्थी आणि एक तरुण सहायक मार्गदर्शक उघड्यावर मरण पावले. त्यानंतर पठारावरचे असे निवारे काढून टाकण्यात आले, कारण त्यांच्या भरवशावर माणसं नको तेव्हा वर थांबत होती. दादा शेल्टर स्टोनचं नाव घेत होते तेव्हा मला हा इतिहास ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर आवाज आधी चढवला असता.

ज्या गोष्टीने मी अजून अस्वस्थ होते ती मात्र वेगळी आहे. दोन दिवसांनी वेळा जुळवत बसलो असताना भाचा म्हणाला, "मला शिखरावरून निघाल्यावर दहा मिनिटांतच कळलं होतं." कसं कळलं, विचारलं. वर चढताना, दक्षिणेला चालत असताना, पश्चिमेचा वारा त्याच्या उजव्या गालावर होता. परतताना तो डाव्या गालावर यायला हवा होता. पण थोड्याच वेळात तो पाठीवर आला. धुक्यात तोंडावर पाऊस नको म्हणून माणूस नकळत वाऱ्याकडे पाठ करत वळत जातो. आम्ही पाचही जण तसेच वळत गेलो होतो, आणि एकाच्याच ते ध्यानात आलं होतं.

"मग बोलला का नाहीस?" दादांनी विचारलं.

"मामा, तुम्ही पुढे होतात."

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही अजून एकत्र डोंगरांवर जातो. धुकं आलं की दर पंधरा मिनिटांनी थांबतो, आणि वारा कुठून येतोय हे सगळ्यात आधी भाचा सांगतो. मग बाकीचे. दादा शेवटी.